शाबूत आवाजाचा चकवा: एन्रिको कारूसोचा शेवटचा मोसम

हे प्रकरण कशाचं

११ डिसेंबर १९२०. ब्रुकलिनच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दोनिझेत्तीच्या ‘लेलिझिर दामोरे’ या ऑपेराचा प्रयोग. पहिल्या अंकात नायकाच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. त्याने तोंड फिरवून रुमालाने पुसलं आणि पुढची ओळ घेतली. पुन्हा रक्त आलं. कोरसमधली माणसं अभिनय सांभाळत एकेक रुमाल त्याच्या हातात सरकवत होती. तो पुसत होता, रुमाल टाकत होता, गात होता. बायको डॉरथी प्रेक्षकांत बसून हे सगळं बघत होती. अंक कसाबसा पार पडला आणि मगच प्रयोग थांबवून लोकांना घरी पाठवलं.

दोनच दिवसांनी हा गायक, एन्रिको कारूसो, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात वेर्दीची ‘ला फोर्झा देल देस्तिनो’ गायला उभा राहिला. २४ डिसेंबरला शेवटचा प्रयोग केला, २५ तारखेला वेदनेने किंचाळत कोसळला आणि २ ऑगस्ट १९२१ ला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला.

कारूसोच्या मृत्यूबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे मुख्यतः डिसेंबरचे तीन आठवडे तपासायचे आहेत: कोणाला काय दिसत होतं, कोणासमोर कोणते रस्ते होते आणि ‘आता पुरे’ असं कोणीच का म्हटलं नाही. सुरुवातीला ज्यांच्या हातून निदान चुकलं त्या डॉक्टरांचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. नाव घेतलं की सगळं खापर एका माणसावर फुटतं आणि बाकीचे सुटतात.

पार्श्वभूमी

एन्रिको कारूसोचा जन्म नेपल्सचा, २५ फेब्रुवारी १८७३ चा. घरची परिस्थिती बेताची. वडील कारखान्यात मेकॅनिक. रंगमंचावर पहिलं पाऊल १५ मार्च १८९५ ला, नेपल्सच्याच तेआत्रो नुओव्होत पडलं. पाच वर्षांत तो मिलानच्या ला स्कालात पोचला. १९०१ च्या अखेरीस नेपल्सच्या सान कार्लोत ‘लेलिझिर’ गायला, तेव्हा गावच्या लोकांनी आणि टीकाकारांनी त्याचं थंड स्वागत केलं. ते त्याला इतकं लागलं की नेपल्समध्ये पुन्हा गायचं नाही असं त्याने ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. माणूस शब्दाचा किती पक्का होता, हे या प्रकरणात लक्षात ठेवावं लागतं.

एप्रिल १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने मिलानच्या एका हॉटेलात त्याच्या दहा ध्वनिमुद्रिका केल्या, १०० पौंडांच्या बोलीवर. (हाच गेसबर्ग त्याच वर्षाच्या शेवटी कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता. आपल्याकडच्या तबकड्यांच्या जुन्या संग्राहकांना तो तिथून माहीत असतो.) २३ नोव्हेंबर १९०३ ला ‘रिगोलेत्तो’तून मेट्रोपॉलिटनमध्ये, म्हणजे मेटमध्ये, पदार्पण झालं. तिथून पुढे १९२० पर्यंत एक अपवाद सोडला, तर मेटच्या प्रत्येक मोसमाची पहिली रात्र कारूसोची. दौरे धरून त्या संस्थेसाठी त्याने साडेआठशेवर प्रयोग केले.

बिदागीचा मुद्दा इथेच सांगून टाकतो, कारण ‘पैशापायी गात राहिला’ हे स्पष्टीकरण फार सोपं आहे. मेटमध्ये तो एका प्रयोगाचे २,५०० डॉलर घेत असे. व्यवस्थापक ज्युलिओ गात्ती-कासात्सा याहून जास्त द्यायला तयार असतानाही त्याने आकडा वाढवून घेतला नाही. १९२० च्या उन्हाळ्यात क्यूबात त्याला रात्रीला १०,००० डॉलर मिळत होते. डिसेंबरमधले चार प्रयोग सोडल्याने त्याचं काहीच बिघडणार नव्हतं.

१९२० हे वर्ष मात्र खडतर गेलं. जूनमध्ये हवानात ‘आईदा’ चालू असताना नाट्यगृहात बॉम्ब फुटला. सप्टेंबरमध्ये कॅमडेनला व्हिक्टर कंपनीसाठी तीन दिवस ध्वनिमुद्रण झालं. १६ तारखेला ते संपलं आणि तेच शेवटचं ठरलं. लगेच उत्तर अमेरिकेचा लांबलचक मैफलींचा दौरा. त्या दौऱ्यावरून परतलेल्या नवऱ्याची तब्येत उतरणीला लागल्याचं डॉरथीने पुढे नोंदवलं. त्यात कडक इजिप्शियन सिगारेटी, आणि त्याही नेमाने. १५ नोव्हेंबरला आलेव्हीच्या ‘ला ज्यूईव्ह’ने मोसम उघडला.

अडचण कशी वाढत गेली

३ डिसेंबरला ‘सॅमसन’च्या प्रयोगात नेपथ्यातला खांब पाठीत, डाव्या मूत्रपिंडाच्या बाजूला लागला असं सांगतात. त्याच सुमारास हुडहुडी भरली, खोकला सुरू झाला आणि कुशीत बोथट दुखायला लागलं.

नेहमीच्या डॉक्टरांना बोलावलं. हे डॉक्टर त्याच्या अर्धशिशीवर विजेच्या कसल्याशा यंत्राने उपचार करत असत. ओळख त्यातून झालेली आणि विश्वासही त्यातूनच बसलेला. त्यांनी निदान केलं: बरगड्यांमधल्या नसांचं दुखणं, म्हणजे इंटरकॉस्टल न्यूराल्जिया. छाती चिकटपट्ट्यांनी आवळली आणि गायला हरकत नाही असं सांगितलं.

८ डिसेंबरला ‘पाल्याच्ची’. ‘व्हेस्ती ला ज्युब्बा’ या गाण्यात वरच्या सुरावर कळ आली, आवाज तुटला. विंगेत शिरताशिरता तो लडखडला. सेक्रेटरी ब्रूनो झिरातोने सावरलं. त्या दृश्यात नायकाचा जीव कळवळलेलाच असतो, त्यामुळे समोरच्यांना वावगं काही वाटायचं कारण नव्हतं. तीन दिवसांनी ब्रुकलिन. त्या रक्ताचा खुलासाही तयार होता: जिभेच्या मुळाशी एखादी बारीक शीर फुटली असावी.

सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येक घटनेला कारण सापडत होतं. थंडीचे दिवस, म्हणून खोकला. खांब लागला, म्हणून कूस दुखते. शीर फुटली, म्हणून रक्त. एकत्र करून मात्र कोणी पाहिलं नाही.

समोर कोणते पर्याय होते

११ डिसेंबरच्या रात्री चार माणसांच्या हातात काही ना काही होतं: कारूसो, डॉरथी, डॉक्टर आणि गात्ती-कासात्सा.

डॉक्टरांपुरतं बोलायचं तर १९२० सालची वैद्यकविद्या आजच्याइतकी पुढे नसली तरी अगदीच आंधळी नव्हती. छातीवर बोटाने ठोकून आवाज ऐकायचा, पोकळ येतो की भरीव, ही तपासणी अठराव्या शतकापासून ठाऊक होती. फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू साचला असेल तर तिथे आवाज भरीव येतो. स्टेथोस्कोप तर हाताशीच. क्ष-किरणांचा शोध कारूसोच्या पदार्पणाच्याच वर्षी, १८९५ ला लागला होता. १९२० च्या न्यूयॉर्कमध्ये छातीचा फोटो काढणं ही काही नवलाई नव्हती. शंका आली तर सुई घालून पाणी काढून बघता येत असे. वर आणखी एक गोष्ट: महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन लष्करी छावण्यांत गोवर आणि इन्फ्लुएंझापाठोपाठ छातीत पू होण्याची, एम्पायमाची, मोठी लाट येऊन गेली होती. त्यासाठी नेमलेल्या आयोगाने उपचाराची पद्धत बदलली. घाईने छाती उघडायची नाही, आधी सुईने पू काढत राहायचं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आलं. हे ज्ञान दोनच वर्षांपूर्वीचं, अमेरिकेतलंच.

म्हणजे दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्याचा पर्याय खराखुरा होता. तो वापरला गेला नाही याचं एक कारण माणसाच्या स्वभावात आहे. आपला डॉक्टर ‘काही विशेष नाही’ म्हणतो तेव्हा ते ऐकायला बरं वाटतं. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. डॉरथी नवऱ्याहून वीस वर्षांनी लहान, लग्नाला जेमतेम सव्वादोन वर्षं झालेली, पदरात वर्षाची मुलगी. तिच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज करता येतो, पण तिचं वजन त्या घरात डॉक्टरांपुढे कितपत चाललं असतं?

गात्ती-कासात्सासमोर प्रश्न बदली गायकाचा होता. तो तसा अवघडही नव्हता. जोव्हान्नी मार्तिनेल्ली कित्येक वर्षं मेटमध्ये होता. बेन्यामिनो जिलीने २६ नोव्हेंबरला, म्हणजे ब्रुकलिनच्या आधी पंधराच दिवस, ‘मेफिस्तोफेले’तून तिथे पदार्पण केलं होतं. त्याच गायकांना त्याच भूमिका देता आल्या नसत्या, तर त्या रात्री दुसरा ऑपेरा लावता आला असता. मोठ्या ऑपेरागृहांत हे चालतंच. अडचण तिकिटांची. लोक कारूसो बघायला येत, मार्तिनेल्ली ऐकायला नव्हे.

तिसरा रस्ता मधला होता: निदान हलक्या भूमिका घ्यायच्या. पण पुढच्या दोन आठवड्यांत होत्या ‘फोर्झा’, ‘सॅमसन’ आणि ‘ज्यूईव्ह’. टेनरला, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाला, पिळून काढणाऱ्या तीन भूमिका. त्यातली शेवटची पाच अंकी.

काय केलं गेलं

पट्ट्या आवळून गाणं चालू ठेवलं.

१३ डिसेंबरची ‘फोर्झा’ पार पडली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत घातक गोष्ट हीच. त्या रात्री तो पडला असता तर बारा दिवस वाचले असते. पण आवाज होता. १६ तारखेला ‘सॅमसन’ही निभावला. चिंता करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर मिळालं: बघा, गातोय की!

इथे १९०९ ची आठवण उपयोगी पडते. त्या वर्षी गळ्यातच बिघाड झाला होता, तेव्हा याच माणसाने मेटचा मोसम अर्धवट सोडला, मिलानला जाऊन स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून घेतली आणि आवाज पुरता बरा होईपर्यंत दम धरला. थांबायचं कसं हे त्याला माहीत होतं. गळा दुखला तर थांबायचं, हा नियम गायकाला, मॅनेजरला, डॉक्टरला, सगळ्यांना मान्य. कुशीत दुखलं तर? त्याचा नियम नव्हता. गायकाची तब्येत सगळे आवाजावरून जोखत होते. दुखणं होतं फुप्फुसाच्या आवरणात, आणि पंचवीस वर्षांचा रंगमंचाचा सराव असलेला गळा ते झाकू शकत होता.

झाकायची किंमत शरीर देत होतं. ऑपेरा गायकाचा दमसास बरगड्या फुलवून धरण्यावर आणि पडद्याच्या, म्हणजे डायफ्रॅमच्या, हालचालीवर उभा असतो. फुप्फुसाच्या आवरणाला सूज असताना प्रत्येक खोल श्वास म्हणजे सुरीचा वार. त्यात छाती पट्ट्यांनी आवळलेली. असा माणूस तीन-चार तास माइकशिवाय, वाद्यवृंदावरून हजारोंच्या प्रेक्षागृहात आवाज फेकत होता.

२४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या रात्री, ‘ला ज्यूईव्ह’. एलेआझार हा म्हातारा ज्यू सोनार ही त्याची शेवटच्या वर्षांतली सर्वांत विचारपूर्वक उभी केलेली भूमिका मानतात. प्रयोग पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी व्हँडरबिल्ट हॉटेलातल्या राहत्या जागेत तो वेदनेने ओरडू लागला. डॉरथीने मिळेल त्या डॉक्टरला, म्हणजे हॉटेलच्याच डॉक्टरला, बोलावलं. त्याने मॉर्फिन आणि कोडीन देऊन दुसऱ्या एका अनुभवी डॉक्टरला पाचारण केलं, त्यांनी आणखी तिघांना. तेव्हा निदान झालं: प्लुरसी, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाला सूज, आणि छातीत पू.

नेहमीचे डॉक्टर तेव्हा समोर नव्हते, म्हणून दुसरं मत मिळालं. ठरवून नव्हे, योगायोगाने.

निष्पत्ती

पुढच्या काही महिन्यांत पू आणि पाणी काढण्यासाठी सात वेळा छातीवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. एकीत बरगडीचा तुकडा काढला. मध्ये तो बेशुद्धीत गेला, हृदय बंद पडायची वेळ आली, आणि त्यातूनही वर आला. मे १९२१ च्या अखेरीस बायको-मुलीसह बोटीने इटलीला निघाला, सोरेंतोला जाऊन राहिला. तब्येत सुधारते आहे असं वाटत होतं.

तिथे दुसरी गफलत झाली. डॉरथीच्या सांगण्यानुसार एका स्थानिक डॉक्टरने स्वच्छतेची काळजी न घेता त्याला तपासलं आणि त्यानंतर ताप-वेदना झपाट्याने वाढल्या. रोमचे नामांकित बास्तियानेल्ली बंधू तपासून गेले आणि डावं मूत्रपिंड काढावं लागेल म्हणाले. रोमला जाताना मुक्काम पडला नेपल्सच्या व्हेसूव्हिओ हॉटेलात. तिथेच तो आणखी बिघडला. झोप लागावी म्हणून मॉर्फिन दिलं गेलं. २ ऑगस्टला सकाळी नऊ वाजून गेल्यावर सगळं संपलं. डायफ्रॅमखालचं गळू फुटून पोटात विष पसरलं असावं, असं बास्तियानेल्लींचं मत पडलं.

अंत्यविधीसाठी राजाने सान फ्रांचेस्को दि पाओलाचं भव्य चर्च खुलं करून दिलं. मसाले भरून जतन केलेलं शव पुढे कित्येक वर्षं काचेच्या पेटीत लोकांना पाहायला ठेवलं होतं. डॉरथीने ते बंद करवलं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. ८ किंवा ११ डिसेंबरला अचूक निदान झालं असतं तर कारूसो वाचलाच असता, असं म्हणता येत नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि रोग्यांना ते मिळायला १९४० चं दशक उजाडलं. त्याआधी छातीतला पू हा जीवावरचाच रोग. मूळ कुठे होतं, खांबाच्या माराने झालं, सर्दीने की सिगारेटींनी, यावर तर अजून वाद होतात. त्या वादात मला फारसा रस नाही. कारण काहीही असो, ८ तारखेनंतर करायची गोष्ट एकच होती: प्रयोग थांबवून छाती नीट तपासणं.

पहिली जागा ८ डिसेंबरची रात्र. नसांचं दुखणं हे निदान बाकीच्या शक्यता खोडल्यावर करायचं असतं. हुडहुडी आणि खोकला सोबत असताना तर नक्कीच. अर्धशिशीवर गुण येणाऱ्या डॉक्टरचा विश्वास छातीच्या दुखण्यापर्यंत आपोआप पोचला, हे घराघरांतून आजही घडतं. शिवाय एकाच माणसाकडे दोन कामं होती, रोग्याला बरं करायचं आणि आज गाता येईल का ते सांगायचं. ही दोन कामं एका माणसाकडे असू नयेत. खेळाडूंच्या बाबतीत हे आता काही ठिकाणी पाळतात: डोक्याला मार लागला तर परत मैदानात पाठवायचं की नाही यात संघाशी संबंध नसलेल्या डॉक्टरचंही मत घेतात. गायक-नटांच्या दुनियेत अजून बहुतेक ठिकाणी ‘जमेल ना?’ एवढंच विचारतात, तेही कलाकारालाच.

दुसरी जागा ब्रुकलिन, आणि तिच्यावर मी जास्त वेळ घालवीन. अंक संपेपर्यंत पडदा पाडला गेला नाही. ऑपेरात कंडक्टर रंगमंचासमोरच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यात असतो, स्टेज मॅनेजर विंगेत, संस्थेची माणसं आसपास. सगळ्यांना रक्त दिसत होतं. कोरसवाल्यांनी स्वतःहून रुमाल आणले, यात माणुसकी होती. तीच अंक पुढे ढकलतही राहिली. पडदा पाडायचा अधिकार नेमका कोणाचा, हे आधी ठरलेलं नसेल तर प्रत्येक जण आपल्या परीने मदत करत राहतो आणि मदतीचा अर्थ ‘खेळ चालू ठेवणं’ असाच होतो. कलाकार स्वतः थांबेल ही अपेक्षा इथे फोल होती. गावच्या लोकांनी एकदा दुखावलं म्हणून तिथे वीस वर्षं न गाणारा माणूस, हजारो लोक तिकीट काढून समोर बसलेले असताना, आपण होऊन मागे फिरणार नव्हता. करारातच कलम हवं: रक्त, ताप, धाप अशी ठरावीक लक्षणं दिसली की प्रयोग थांबेल आणि कलाकाराचा होकार-नकार विचारला जाणार नाही.

तिसरी १३ डिसेंबर. रक्तस्रावानंतर दोन दिवसांत प्रयोग ठेवणं हेच चूक. किमान आठवडाभर नाव फलकावरून उतरवायला हवं होतं. गाणं चांगलं झालं म्हणून प्रकृती चांगली, हा निष्कर्ष त्या रात्रीनंतर सगळ्यांनी काढला, आणि तो पुसून काढणं नंतर कोणालाच जमलं नाही.

इटलीतली जागा वेगळ्या जातीची आहे. सात शस्त्रक्रिया करणारे हात समुद्रापलीकडे राहिले. सोरेंतोला विश्रांती होती, हवा होती, पण जबाबदार असा एक डॉक्टर नव्हता. जूनमध्येच रोमला जाऊन बास्तियानेल्लींकडे नियमित तपासणी सुरू केली असती तर जुलैची धावपळ वाचली असती. शेवटी रोमचा प्रवास सुरू झाला तेव्हा रोगी प्रवासाच्या लायकीचा राहिला नव्हता.

राहिली गात्ती-कासात्साची तिकिटांची भीती. तिची परीक्षा २५ डिसेंबरपासून आपोआपच झाली. मोसम कारूसोशिवाय शेवटपर्यंत चालला. त्याच्या भूमिका आणि तारखा बाकीच्या टेनरांमध्ये वाटल्या गेल्या. १४ नोव्हेंबर १९२१ ला नवा मोसम ‘ला त्राविआता’ने उघडला: अमेलिता गाली-कुर्ची मेटमध्ये पहिल्यांदाच गात होती, आणि तिच्यासमोर नायक होता जिली.